भिंतीवरचे आकाश आणि मिटल्या डोळ्यांतला क्षीरसागर

नागपूरच्या गांधीसागर तलावाजवळील रमण विज्ञान केंद्रात ज्यांनी आपल्या मुलांना किंवा नातवंडांना नेले असेल, त्यांना एक क्षण नक्की आठवत असेल. तारांगणाचे दार बंद होते, घुमटाखालचे दिवे हळूहळू मंदावतात, कुजबुज थांबते आणि पाहता पाहता माथ्यावर तारे उगवतात. आकाश फिरू लागले की खुर्चीत बसलेल्याला वाटते, आपणच फिरत आहोत. लहान मुले आईचा हात घट्ट धरतात. खुर्ची मात्र तसूभरही हललेली नसते. हललेला असतो तो केवळ घुमटावरचा प्रकाश.

हे विज्ञान केंद्र १९९२ मध्ये आणि तारांगण १९९७ मध्ये नागपूरकरांसाठी खुले झाले. ज्यांचे नाव या वास्तूला दिले आहे, ते सर चंद्रशेखर वेंकट रमण तरुणपणी सरकारी हिशेब खात्यातील अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते. दिवसा हिशेब आणि उरलेल्या वेळी विज्ञान असा त्यांचा त्या काळातील क्रम होता. पुढे प्रकाशाच्या अभ्यासानेच त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. घुमटावर यंत्राने तारे उमटवण्याची कल्पनाही शतकभर जुनी आहे. जर्मनीतील झाइस कंपनीने असे पहिले यंत्र १९२३ मध्ये तयार केले. तेव्हापासून माणसाने चार भिंतींच्या आत आकाश बोलावण्याची विद्या साध्य केली.

आता या घुमटाखालच्या खुर्च्या काढून टाकल्या, त्यांच्या जागी आसने अंथरली आणि ताऱ्यांबरोबर समुद्र, अरण्य, हिमशिखरे, उमलणारी कमळे चारही भिंतींवर आणि जमिनीवरही उतरवली, तर काय होईल? जगातील अनेक मोठ्या शहरांत अशा ‘चौफेर दृश्यां’च्या दालनांत योगवर्ग भरू लागले आहेत. व्हॅन गॉग या डच चित्रकाराची चित्रे भिंतीभर उजळवणारी प्रदर्शने अमेरिकेत गाजली, तेव्हा त्यांतील काही शहरांत त्याच दालनांमध्ये योगाचे तासही ठेवले गेले. तशाच प्रकारचे चित्रप्रदर्शन २०२३ च्या प्रारंभी मुंबईतही भरले होते. मुंबईला आलेली गोष्ट नागपूरला यायला वेळ लागत नाही, हे इतवारी आणि गांधीबागेच्या व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच ती दारात येण्यापूर्वी तिचा जमाखर्च मांडून पाहणे हिताचे आहे.

वर्गात काय घडते?

अशा वर्गाची रचना साधारणपणे सारखीच असते. साधक पादत्राणे बाहेर काढून अंधुक दालनात येतात. छताला लावलेली अनेक प्रक्षेपणयंत्रे एकमेकांशी जुळवून घेऊन सर्व भिंतींवर एकसंध चित्र उमटवतात. प्रारंभी पहाट होते. क्षितिजावर तांबूस रेषा उमटते, पक्ष्यांचे आवाज येतात आणि शिक्षक श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. सूर्यनमस्कारांबरोबर भिंतीवरचा सूर्यही वर चढतो. उभ्या आसनांच्या वेळी अरण्य येते. शेवटी शवासनात रात्र पसरते आणि छतावर तारे लुकलुकतात. तास संपतो, दिवे लागतात आणि पांढऱ्या रंगाच्या कोऱ्या भिंती दिसू लागतात.

या अनुभवात मोह आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तेव्हा थंड दालनातले हिमशिखर कोणाला नको वाटेल? दिवसभर दुकानाच्या गादीवर किंवा संगणकापुढे बसून पाठ आखडलेल्या, भाव, उधारी आणि करभरणा यांच्या विचारांनी डोके भरलेल्या माणसाला ‘डोळे मिटा आणि मन शांत करा’ असे सांगितले, तर मिटल्या डोळ्यांपुढे खातेवहीच उघडते. त्याला समोर एखादे शांत दृश्य मिळाले, तर मनाला टेकायला जागा सापडते. तरुण मुलांचेही तेच आहे. आजीबरोबर सतरंजीवर बसायला कुरकुरणारा नातू अशा दालनात आपणहून जाईल.

निसर्गदृश्याचा शरीरावर हितकर परिणाम होतो, याला आधारही आहे. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आजही आधारभूत मानला जातो. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते खिडकीतून विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, असे त्याला आढळले. पुढे सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाळ प्रदेशाचे एक आभासी दृश्य तयार करण्यात आले. जखमेची मलमपट्टी होत असताना रुग्ण त्या बर्फात रमतो आणि त्याला वेदना कमी जाणवतात.

मात्र याच ठिकाणी विचारी माणसाने थोडे थांबावे. भाजलेल्या रुग्णाला ते दृश्य उपकारक ठरते, कारण ते त्याचे लक्ष शरीरापासून दूर नेते. योगाभ्यासात मात्र लक्ष शरीराकडे आणि श्वासाकडे आणायचे असते. गुडघा कुठे ताणला जात आहे, खांदा उगाच वर उचलला आहे का, श्वास कोठे अडकतो, हे ज्याला कळत नाही, त्याचे आसन म्हणजे केवळ अवयवांची हालचाल होय. एकच साधन रुग्णालयात औषध आणि योगशाळेत अडथळा ठरू शकते.

डोळा आणि तोल

दुसरी गोष्ट तोलाची आहे. माणूस उभा राहतो तो केवळ पायांच्या बळावर नव्हे. तळव्यांची आणि सांध्यांची जाणीव, कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय आणि डोळे या तिघांच्या एकमताने तो उभा असतो. वृक्षासनात एका पायावर उभे राहून डोळे मिटून पाहिले, तर डोळ्यांचा वाटा किती मोठा आहे, हे क्षणात कळते. म्हणूनच शिक्षक समोरच्या एखाद्या स्थिर बिंदूवर दृष्टी ठेवायला सांगतात.

तो बिंदूच हलू लागला तर? एडिंबरा विद्यापीठातील डेव्हिड ली आणि त्यांचे सहकारी एरिक आरन्सन यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुकत्याच उभे राहू लागलेल्या बालकांना एका छोट्या खोलीत उभे केले. खोलीची जमीन स्थिर होती, भिंती मात्र सरकवता येत होत्या. समोरची भिंत बालकाकडे सरकली की आपण पुढे झुकत आहोत असे त्याला वाटे, तो झोक सावरण्यासाठी ते मागे रेले आणि पुष्कळदा पडे. जमीन हलली नव्हती, तरी डोळ्यांनी दिलेली साक्ष बालकाने खरी मानली. मोठी माणसे त्यामानाने सावरतात, पण त्यांनाही झोक जातोच.

यावरून एक साधा नियम निघतो. उभ्या आणि तोलाच्या आसनांच्या वेळी भिंतीवरील दृश्य स्थिर असले पाहिजे. वाहते ढग, धावत्या लाटा, फिरणारे तारे ही शवासनाच्या वेळची शोभा आहे. ज्या वर्गात एका पायावर उभे असताना चारही बाजूंनी धबधबा कोसळतो, तो वर्ग आखणाऱ्याला चित्र कळले असेल, आसन कळलेले नाही.

रामनगरची सतरंजी

नागपूरला योग नवा नाही. कोकणातून आलेल्या जनार्दनस्वामींनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या शहरात योगासनांचा प्रसार केला. त्यांनी घरोघरी जाऊन, लहानथोर, गरीबश्रीमंत असा भेद न करता विनामूल्य शिकवले. १९७८ मध्ये ते ब्रह्मलीन झाले. रामनगर येथील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ त्यांचे काम पुढे चालवत आहे. २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ मध्ये जाहीर केला. त्याच्या कितीतरी आधी नागपूरच्या असंख्य घरांत या परंपरेने पहाटेची आसने पोहोचवली होती.

या परंपरेची सामग्री म्हणजे एक सतरंजी, मोकळी हवा आणि चुका दाखवणारा शिक्षक. या तिसऱ्या गोष्टीचे मोल विशेष आहे. अंधाऱ्या दालनात तीस माणसांच्या पाठी शिक्षकाला नीट दिसत नाहीत आणि साधकाचीही नजर भिंतीवर असते. चुकीच्या पद्धतीने वाकलेली कंबर चांदण्यात सुंदर दिसली, तरी तिचे दुखणे दुसऱ्या दिवशी दुकानात सोबत येते.

शिवाय नागपूरला खऱ्या दृश्यांची उणीव नाही. अंबाझरीच्या काठी किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडीत पहाटे जो उजेड पसरतो, त्याला तिकीट नाही आणि तो दोन दिवस सारखाही नसतो.

पडद्याविना दृश्य

जैन वाचकाला या साऱ्या चर्चेत एक वेगळीच ओळख पटेल. डोळ्यांपुढे विराट दृश्य उभे करून त्याच्या मध्यभागी स्वतःला बसवणे, ही कल्पना आपल्या आचार्यांनी आठनऊशे वर्षांपूर्वी सविस्तर मांडली आहे. दिगंबर परंपरेतील आचार्य शुभचंद्रांचा ‘ज्ञानार्णव’ आणि श्वेतांबर परंपरेतील कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्रांचे ‘योगशास्त्र’ या दोन्ही ग्रंथांत पिंडस्थ ध्यानाच्या पाच धारणा आल्या आहेत. हेमचंद्राचार्यांचा ग्रंथ गुजरातचा राजा कुमारपाल याच्यासाठी लिहिला गेला, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. राज्यकारभाराच्या रगाड्यात सापडलेला एक गृहस्थ त्याचा पहिला वाचक होता. पेढीच्या रगाड्यातील गृहस्थाला तो परका वाटू नये.

पहिली धारणा पार्थिवी. साधकाने मध्यलोकाएवढा अथांग, निस्तरंग क्षीरसागर कल्पावा. त्याच्या मध्यभागी जंबूद्वीपाएवढे सहस्रदळांचे सुवर्णकमळ, त्या कमळाच्या कर्णिकेत मेरू, त्यावर शुभ्र सिंहासन आणि त्या सिंहासनावर कर्मक्षयासाठी शांतपणे बसलेला आपण स्वतः. दुसरी आग्नेयी. तीत नाभीकमळातून उठलेल्या ज्वाळा हृदयातील आठ कर्मांचे अष्टदळ कमळ जाळून टाकतात. तिसरीत वारा येतो आणि राख उडवून नेतो. चौथीत मेघ वर्षतो आणि उरलेले धुऊन काढतो. पाचव्या धारणेत पूर्णचंद्रासारखा निर्मळ आत्मा तेवढा उरतो.

सागर, कमळ, पर्वत, अग्नी, वारा, पाऊस, चंद्र. आजच्या दालनातील यंत्रे हीच दृश्ये दाखवतात. फरक आहे तो ती कोण निर्माण करतो यात. भिंतीवरचा सागर यंत्र तयार करते आणि साधक तो पाहतो. धारणेतील सागर साधकाला स्वतः उभा करावा लागतो आणि मन क्षणभर जरी भटकले तरी तो मावळतो. ही अडचण नसून हेच त्या ध्यानाचे मर्म आहे. सागर स्थिर राहिला, तर मन स्थिर आहे, याची ती खूण. यंत्राच्या सागरात ही कसोटी लागत नाही. मन बाजारात असले तरी तो आपला उसळतच राहतो.

आणखी एक भेद सूक्ष्म आहे. धारणांचा क्रम दृश्य वाढवत नेणारा नाही, ते क्रमाने कमी करणारा आहे. विराट सागरापासून निघून शेवटी केवळ निर्मळ आत्म्यापर्यंत यायचे आणि पिंडस्थ, पदस्थ, रूपस्थ या पायऱ्या चढून रूपातीत ध्यानात रूपही मागे टाकायचे. दृश्य हे तेथे शिडीसारखे आहे. मनोरंजनाचा धंदा मात्र प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठे दृश्य मागतो, कारण कालचे दृश्य आज शिळे झालेले असते.

रंग आणि लेश्या

रंगांविषयीही आपल्या परंपरेजवळ स्वतःची भाषा आहे. कृष्ण, नील, कापोत, तेजस, पद्म आणि शुक्ल या सहा लेश्यांचे वर्णन उत्तराध्ययन सूत्राच्या चौतिसाव्या अध्ययनात आले आहे. जांभळाच्या झाडाखाली आलेल्या सहा भुकेल्या माणसांची गोष्ट पाठशाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. एकाला झाड मुळापासून तोडावेसे वाटते, तर सहावा खाली पडलेली फळे पुरेशी मानतो. आचार्य महाप्रज्ञ यांनी १९७५ च्या सुमारास आकारास आणलेल्या प्रेक्षाध्यानात लेश्याध्यान हे एक अंग आहे. शरीरातील विशिष्ट चैतन्यकेंद्रांवर चित्त ठेवून उगवत्या सूर्याचा अरुण रंग, पौर्णिमेच्या चंद्राचा शुभ्र रंग असे रंग अनुभवायचे असतात.

दालनाच्या भिंतीवर पांढरा प्रकाश पडला म्हणजे शुक्ल लेश्या झाली, असे मात्र कोणी समजू नये. लेश्या हा परिणामांचा, म्हणजे अंतःकरणातील भावांचा रंग आहे. वर्गातून बाहेर पडताच वाहनतळावर आधी गाडी काढण्यावरून भांडण झाले, तर झाडाखालचा कितवा माणूस घरी परत निघाला आहे, हे ज्याचे त्याने ओळखावे.

घरातील मोठ्यांनी काय पाहावे?

असे असले तरी मुलांनी अशा वर्गाची इच्छा दाखवली, तर ‘हे सारे थोतांड’ म्हणून दार लावून घेणे शहाणपणाचे नाही. आसनांची गोडी कोणत्या दारातून लागेल, हे सांगता येत नाही. काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.

पहिली गोष्ट प्रकृतीची. ज्यांना अपस्माराचा त्रास आहे, त्यांनी लुकलुकणाऱ्या किंवा झपाट्याने बदलणाऱ्या प्रकाशापासून दूर राहावे. अर्धशिशी आणि चक्कर येण्याची प्रवृत्ती असलेल्यांनीही जपून असावे. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली येणारी आसने टाळावीत, कारण त्यांनी डोळ्यांतील दाब वाढतो. रक्तदाब असलेल्यांनीही ती वैद्यांना विचारल्याशिवाय करू नयेत. वयस्क मंडळींनी भिंतीजवळची, आधार घेता येईल अशी जागा निवडावी आणि झोक जाऊ लागताच डोळे मिटून खाली बसावे.

दुसरी गोष्ट वेळेची. शहरातील बहुतेक वर्ग संध्याकाळी सात-आठला असतात. जे चौविहार पाळतात, त्यांचे भोजन सूर्यास्तापूर्वी झालेले असते. जेवणानंतर तासाभरात आसने करणे पोटाला मानवत नाही आणि वर्गासाठी जेवण पुढे ढकलावे तर व्रत मोडते. याउलट नवकारसी करणाऱ्यासाठी पहाटेचा वर्ग उत्तम. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे अन्नपाणी घ्यायचे नसते, पोट रिकामे असते आणि आसनांना हवी असते ती हीच अवस्था. आपल्या व्रताची आणि योगाच्या नियमाची अशी सहज गाठ पडलेली असताना ती सोडू नये. शिक्षकाला मात्र आधी सांगून ठेवावे, म्हणजे मध्येच पाणी पिण्याचा आग्रह होणार नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकाची. यंत्रे कोणती, हे विचारण्यापूर्वी शिकवणारा कोण, किती वर्षे शिकला आणि एका वेळी किती जणांना शिकवतो, हे विचारावे.

चौथी गोष्ट, असे दालन काढू इच्छिणाऱ्या उत्साही तरुणांसाठी. व्यापारी घरात हा विचार येणारच. यंत्रांची किंमत, वातानुकूलनाचे वीजबिल, देखभाल आणि दर काही महिन्यांनी नवे दृश्य आणण्याचा खर्च यांची बेरीज करूनच भांडवल घालावे. अमेरिकेत व्हॅन गॉगच्या चित्रांचे असे प्रदर्शन भरवून लाखो प्रेक्षक मिळवणाऱ्या एका कंपनीला २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. एकदा येणारा प्रेक्षक आणि रोज येणारा साधक यांतला फरक तिच्या ताळेबंदात उतरला.

दिवे लागल्यानंतर

कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री १९६३ मध्ये प्रतिष्ठापित झालेली अठ्ठावीस फुटांची मूर्ती कायोत्सर्गात उभी आहे. पायांवर वेली चढल्या आहेत, हात सैल सोडलेले आहेत. आजूबाजूला ऊन, पाऊस, यात्रेकरूंची ये-जा असे दृश्य रोज बदलते, ती मुद्रा बदलत नाही. लहान मुलालाही त्या मूर्तीपुढे आवाज खाली आणावासा वाटतो. कायोत्सर्ग म्हणजे काय, याचे यापेक्षा सोपे शिक्षण दुसरे नाही.

घरी सामायिकासाठी कटासणे अंथरले की अठ्ठेचाळीस मिनिटे आपली असतात. ज्यांनी चौफेर दृश्यांचा वर्ग अनुभवला असेल, त्यांनी दुसऱ्या दिवशी सामायिकात एक साधी परीक्षा घ्यावी. डोळे मिटावेत, कालचा सागर आठवावा आणि तो पाच श्वास तरी निस्तरंग राहतो का, ते पाहावे. राहिला, तर त्या वर्गाचे पैसे वसूल झाले. नाही राहिला, तर कमळ, मेरू आणि सिंहासन अजून दूर आहेत, इतके तरी कळले. आचार्यांनी सांगितलेला क्षीरसागर त्यासाठी कोणत्याही दालनाची वाट पाहत नाही.

तारांगणातला खेळ संपतो, दिवे लागतात आणि मुले डोळे चोळत बाहेर उन्हात येतात. गांधीसागराचे पाणी समोर चमकत असते. एखादे मूल हमखास विचारते, “आता ते तारे कुठे गेले?” आजोबांनी उत्तराची घाई करू नये. रात्री त्याला गच्चीवर न्यावे, आपल्याशेजारी सतरंजीवर बसवावे आणि दिवा मालवावा.